डॅटसन २४०झेडचे इंजिन बदलताना माझी झालेली फसवणूक

माझ्याकडे १९७२ सालची डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार आहे. तिच्यात नवे कोरे व्ही८ इंजिन बसवून देतो असे सांगून एका गॅरेजने माझ्याकडून पूर्ण रक्कम घेतली, प्रत्यक्षात जुन्या पिकअप ट्रकमधून काढलेले इंजिन बसवले आणि गाडीचे मूळ इंजिन मला न विचारता परस्पर विकून टाकले. जुन्या स्पोर्ट्स कारवर जीव असलेल्या आणि तिच्यात आधुनिक इंजिन बसवण्याच्या विचारात असलेल्या कोणावरही ही वेळ येऊ नये, म्हणून घडलेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

२४०झेडचे मूळ इंजिन म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर असलेले २,३९३ सीसीचे एल२४ आणि त्याला इंधन देणारे दोन कार्ब्युरेटर. माझे इंजिन चालू होते, पण तेल खात होते, आणि लांबच्या प्रवासाला निघताना मनात धाकधूक असे. कारखान्यातून खोक्यात बंद होऊन थेट येणाऱ्या, कधीही न वापरलेल्या इंजिनाला क्रेट इंजिन म्हणतात, आणि मी त्यांपैकी जनरल मोटर्सचे एलएस३ निवडले. २००८ सालच्या कॉर्व्हेटमधून पुढे आलेले हे इंजिन ६.२ लिटरचे आणि ४३० अश्वशक्तीचे असून त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमचा असतो. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट माथ्यावर नसून ब्लॉकच्या पोटात असल्यामुळे त्याची रुंदी आणि उंची आटोक्यात राहते, आणि म्हणूनच अनेक हौशी लोक ते २४०झेडच्या बॉनेटखाली बसवत आले आहेत. निवड चुकली नव्हती, असे मी आजही म्हणेन.

रक्कम तीन हप्त्यांत द्यायची होती. दुसऱ्या हप्त्याच्या आधी मला लाकडी खोके उघडतानाची छायाचित्रे पाठवण्यात आली. ती कोणत्यातरी दुसऱ्याच गाडीच्या कामाची होती, हे फार उशिरा कळले. इंजिनाचा अनुक्रमांक आणि खरेदीचे बिल मी दोनदा मागितले, तेव्हा काम पूर्ण झाल्यावर सगळी कागदपत्रे एकदमच देतो, असे उत्तर मिळाले. जुने इंजिन शेडमध्ये झाकून ठेवले आहे, हवे तेव्हा घेऊन जा, असेही सांगितले गेले. मी ते जाऊन पाहिले नाही, आणि याची खंत मला इतर सर्व गोष्टींपेक्षा अधिक आहे.

गाडी हातात आली तेव्हा इंजिनावर एलएस३ अशी अक्षरे असलेली प्लास्टिकची झाकणे दिमाखात बसवलेली होती. मात्र गाडीचे नाक जरा खाली झुकलेले दिसत होते, वळणावर पुढचा भाग जड लागत होता आणि चढावर अपेक्षित असलेली ओढ कुठेच जाणवत नव्हती. नवीन इंजिनाला थोडा वेळ द्यावा लागतो, या त्यांच्या स्पष्टीकरणावर मी दोन महिने विश्वास ठेवला. अखेर इंजिन वारंवार बंद पडू लागले, तेव्हा मी गाडी दुसऱ्या एका जाणकार मेकॅनिककडे नेली. त्यांनी झाकणे काढली, खिशातला छोटा लोहचुंबक काढला आणि ब्लॉकच्या कडेला लावला. तो घट्ट चिकटला.

अ‍ॅल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही. माझ्या गाडीत ५.३ लिटरचा, चंदेरी रंग मारलेला ओतीव लोखंडाचा ब्लॉक होता, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकपेक्षा त्याचे वजन सुमारे ४० किलोने जास्त भरते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, की या ट्रकच्या इंजिनाचे हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारे वरचे भाग, अ‍ॅल्युमिनियमचेच असतात, त्यामुळे चुंबक वर लावून पाहिला तर काहीच कळत नाही. तो खाली ब्लॉकलाच लावायला हवा. बाकीच्या खुणाही त्यांनी मला एकेक करून दाखवल्या. एलएस३ मध्ये कॅमशाफ्टचा सेन्सर पुढच्या टायमिंग कव्हरवर असतो, तर आधीच्या पिढीतल्या या इंजिनात तो मागे, हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या पाठीमागे होता. एलएस३ चे क्रँकवरील (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरील) दातेरी चक्र ५८ दात्यांच्या मांडणीचे, तर याचे २४ दात्यांच्या. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक (पिस्टनच्या वरखाली होण्याचे अंतर) ९२ मिलिमीटरच असला, तरी एलएस३ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) १०३.२५ मिलिमीटर आणि याचा ९६ मिलिमीटर आहे. ब्लॉकवर मागच्या बाजूला ओतकामातच उमटलेले ५.३ हे आकडे रंगाच्या थराखाली बोटाला लागत होते. इंजिन गाडीत बसण्यापूर्वी, ते स्टँडवर असताना, हे सर्व तपासायला पाव तास पुरला असता. एकदा ते बसले, की बहुतेक खुणा झाकल्या जातात.

पैसे गेले त्याहून मला जास्त संताप आला तो इंधनाच्या नळीचा. कार्ब्युरेटरला तीन ते चार पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) एवढा दाब पुरतो. या इंजिनाच्या इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरना ५८ पीएसआयच्या आसपास लागतो. त्यांनी नवा विजेचा पंप बसवला होता, परंतु इंजिनाजवळची जुनी, कार्ब्युरेटरच्या दाबासाठीची रबरी नळी साध्या क्लिपने आवळून तशीच ठेवली होती, आणि ती एका बाजूने ओलसर झाली होती. खाली एक्झॉस्ट तापलेला असताना मी त्या गाडीत माझ्या मुलीला बसवून फिरवले आहे. अशा प्रकारचे काम करून घेतलेल्या प्रत्येकाने आजच बॉनेट उघडून टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी कोणत्या दाबासाठी बनवलेली आहे, हे तिच्यावरील छापील मजकुरावरून तपासावे. बाकीचे तपास नंतर केले तरी चालतील.

जुन्या इंजिनाविषयी विचारले, तेव्हा ते भंगारात गेले असे आधी सांगण्यात आले, आणि नंतर नवे बसवल्यावर जुने इंजिन गॅरेजकडेच राहील असे ठरले होते, असा दावा करण्यात आला. लेखी काहीच नसल्यामुळे हा दावा खोडून काढणे मला फार कठीण गेले. २४०झेडच्या इंजिनकक्षात एक धातूची पट्टी असते, तिच्यावर चॅसिस क्रमांकासोबत इंजिनाचा क्रमांकही असतो, आणि ब्लॉकवरचा क्रमांक तिच्याशी जुळला तरच ती गाडी मूळ इंजिनाची मानली जाते. म्हणून काढलेले इंजिन, कार्ब्युरेटर, गिअरबॉक्स आणि इंजिनाचे माउंट त्याच दिवशी आपल्या घरी आणावेत, आणि हे सर्व मालकाचेच राहील असे काम सुरू होण्यापूर्वी कागदावर घ्यावे. ब्लॉकवरील क्रमांकाचे छायाचित्र माझ्याकडे होते, त्यामुळे माझी तक्रार किमान नोंदवून तरी घेतली गेली.

तक्रारीनंतर मला दोन्ही कार्ब्युरेटर परत मिळाले. इंजिन मिळाले नाही. ट्रकचे इंजिन मी काढून टाकले असून दुसऱ्या एका गाडीतले एल२४ मिळवून त्याचे काम सुरू केले आहे. त्याचा क्रमांक पट्टीवरील क्रमांकाशी जुळणार नाही, आणि पुढे कधी गाडी विकावी लागली, तर घेणाऱ्याला मी हे लेखी देणार आहे.