दिवाण भरला, आता रीडर घ्यावा का?

आमच्या पुस्तकभिशीत पैशाचा संबंध नाही. महिन्यातल्या एका रविवारी सात-आठ जण कुणाच्या तरी घरी जमतो. प्रत्येकाने त्या महिन्यात मनापासून आवडलेलं एक पुस्तक आणायचं, त्यावर दहा मिनिटं बोलायचं आणि ते सतरंजीवर मधोमध ठेवायचं. निघताना दुसऱ्याचं उचलायचं. गेल्या खेपेला एक मैत्रीण रिकाम्या हाताने आली. बोलली भरभरून, सगळ्यांना ते पुस्तक हवंसं वाटलं, पण सतरंजीवर ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं. पुस्तक तिच्या ई-रीडरमध्ये, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या छोट्या यंत्रात होतं. तिथून गाडी यंत्रावर घसरली. गटातले एक काका, ज्यांच्या घरी दोन कपाटं, दिवाणाचा कप्पा आणि माळ्यावरचे चार खोके पुस्तकांनी भरलेत, शेवटी वैतागून म्हणाले, “कौतुकं पुरे. मी घ्यावा की नाही, तेवढं सांगा.”

हे त्यांच्यासाठी. माझ्याकडे रीडर सहा वर्षं आहे आणि कपाटं त्याच्या कितीतरी आधीपासून, तेव्हा तटस्थपणाचा आव आणत नाही.

जागेपासून सुरू करू, कारण घरातली भांडणं तिथूनच होतात. तीन फुटांच्या फळीवर दोन सेंटिमीटर जाडीची साधारण ४५ पुस्तकं उभी राहतात. एकेक ३०० ग्रॅमचं धरलं तरी फळीवर साडेतेरा किलो. मध्ये टेकू नसेल तर प्लायवूड हळूहळू पोट सोडतं. मग आपण दुहेरी रांग लावतो, मागच्या रांगेत काय आहे ते विसरतो आणि असलेलंच पुस्तक पुन्हा विकत आणतो. (माझ्याकडे अशा तीन जोड्या आहेत.) त्यात भिंतीला ओल येणारं घर असेल तर बुरशी, कसर आणि वाळवी यांचाही वाचकवर्ग तयार होतो. याउलट रीडरचं वजन दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम, आणि १६ जीबीत नुसत्या मजकुराची पुस्तकं हजारोंनी मावतात. इथे कपाट सरळ हरतं. फक्त एक लक्षात ठेवा: रीडर आणला म्हणून आधीचं एकही पुस्तक घराबाहेर जात नाही. काकांचे चार खोके चारच राहतील, फार तर पाचवा येणार नाही.

डोळ्यांच्या बाबतीतही मी रीडरच्या बाजूने आहे. त्याचा पडदा मोबाइलसारखा नसतो. आतल्या बारीक कुप्यांमध्ये काळे-पांढरे रंगकण असतात आणि विजेच्या भारानुसार ते वरखाली होतात. वीज लागते ती पान बदलताना; एकदा अक्षरं उमटली की ती वीज न घेता तशीच राहतात. म्हणून एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालतो, आणि भर उन्हात गॅलरीत बसूनही स्वच्छ दिसतो. साठीच्या पुढच्या वाचकाला मात्र याहून मोठी गोष्ट म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. माझ्या आईने बारीक छपाईमुळे कादंबऱ्या सोडूनच दिल्या होत्या. रीडरवर तिने त्या पुन्हा धरल्या. आठशे पानी ठोकळा छातीवर ठेवून झोपून वाचणाऱ्याचं मनगटही दुवा देईल.

मग प्रश्न उरतो कुठे? मराठीत. इंग्रजी वाचणाऱ्यांना विचारून रीडर घेणारे इथेच फसतात.

किंडल म्हणजे ॲमेझॉनचा रीडर; त्याच्या ऑनलाइन दुकानात मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीस आली. नवी पुस्तकं बरीच मिळतात, पण तुम्हाला हवं असलेलं मिळेलच असं नाही, आणि वीस-तीस वर्षांपूर्वीची चांगली पुस्तकं तर फारच थोडी. कारण नुसती प्रकाशकांची अनास्था नव्हे. आपल्याकडची अक्षरजुळणी वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये झाली. त्या फाइलचं ई-बुक थेट होत नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षर-संकेतात आणावा लागतो. त्या उलथापालथीत रफार भलतीकडे जातो, ‘ऱ्य’ तुटतो, जोडाक्षरांची हाडं मोडतात. पुन्हा नव्याने मुद्रितं तपासायची म्हणजे खर्च आला. तो टाळला की काय होतं ते एका विकतच्या ई-बुकात मी पाहिलंय: सबंध कादंबरीभर नायिकेचं नाव दोन प्रकारे छापलेलं होतं, आणि पन्नासेक पानं मी दोन बायका समजून वाचत होते.

बुकगंगा या ऑनलाइन दुकानात मराठी ई-पुस्तकं भरपूर आहेत, पण ती त्यांच्या ॲपमध्ये वाचायची. म्हणजे फोन किंवा टॅबलेट. किंडलवर ती उघडत नाहीत. फोनवर वाचायची तयारी असेल तर मग वेगळा रीडर कशाला, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

फुकटचा साठा मात्र मोठा आहे. आपल्या कायद्यानुसार लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे १९१९ मध्ये गेलेले ह. ना. आपटे किंवा १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी आज सर्वांना खुले आहेत, पु. लं.साठी २०६० सरेपर्यंत थांबा. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात, ई-साहित्य प्रतिष्ठानचीही. जुन्या पुस्तकांचे स्कॅन शोधले तर रात्र पुरत नाही.

पण पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा, आणि इथे पट्टी घेऊन बसावं लागतं. मराठी पुस्तक बहुतेकदा डेमी आकाराचं, साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची रीडरचा पडदा प्रत्यक्षात ३.६ बाय ४.८ इंच. अख्खं पान त्यात बसवलं की बारा पॉइंटचं अक्षर सातच्याही खाली जातं. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे अंदाजाने ठरवायचं. स्कॅनचं अक्षर नुसतं मोठंही करता येत नाही, पान इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. उपाय एकच: समास कापून घ्यायचे, रीडर आडवा धरायचा आणि अर्धं-अर्धं पान वाचायचं. मी तसं वाचते, पण ते वाचणं कमी आणि खोदकाम जास्त. जुन्या मराठीसाठीच रीडर घेणार असाल तर सात इंचांच्या खाली जाऊ नका. दहा इंची परवडत असेल तर तोच घ्या.

पैशांचं थोडक्यात. बरा रीडर पंधरा हजारांच्या आसपास धरा. ई-बुकामागे शंभर रुपये वाचले तर पैसे वसूल व्हायला दीडशे पुस्तकं विकत घेऊन वाचावी लागतील. पैसे वाचवायचेच असतील तर जवळच्या ग्रंथालयाची वर्गणी या दोन्हींपेक्षा स्वस्त पडते.

आता सतरंजीवरच्या त्या रिकाम्या जागेकडे येते. माझ्या मते निर्णय तिथे आहे.

ई-बुक आपण विकत घेतो म्हणतो, पण हाती येतो वाचायचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडलवरून विकलेलं पुस्तक परस्पर काढून घेतलं होतं. विक्रेत्याकडे त्याचे हक्क नव्हते. पैसे परत दिले आणि पुढे माफीही मागितली. पुस्तक कोणतं, तर ऑर्वेलचं ‘१९८४’, सत्तेला नको तो मजकूर पुसून टाकणाऱ्या जगाची कादंबरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये खरेदी केलेली किंडल पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची सोयही बंद झाली. आपल्या रोजच्या वाचनाला याने फरक पडत नाही. पडतो तो पुस्तक दुसऱ्याला द्यायची वेळ येते तेव्हा. एकाच खात्याला घरातली दोन-तीन यंत्रं जोडता येतात, त्यामुळे नवरा-बायको, मायलेकी यांचं भागतं. शेजारच्या वहिनींना, भाचीला, भिशीतल्या मैत्रिणीला पुस्तक द्यायचं तर अख्खा रीडर द्यावा लागतो, म्हणजे एक वाटी साखर मागायला आलेल्याला साखरेचा डबाच उचलून देण्यासारखं.

कागदाचं पुस्तक मात्र फिरतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातल्या पुस्तकांच्या पेट्या दुबईपर्यंत पोहोचल्या. तेवीस किलोंच्या बॅगेत लोणची-पापडांशी भांडून पुस्तकं नेणाऱ्यांना त्या पेटीचं मोल मी सांगायला नको. (त्यांनी रीडरही जरूर घ्यावा, त्यांच्याइतका त्याचा उपयोग कुणालाच नाही.) दिलेलं पुस्तक परत येत नाही, ही तक्रार मलाही आहे. पण परत येतं तेव्हा कधीकधी जास्त घेऊन येतं. माझ्या एका कथासंग्रहात तीन अनोळखी हस्ताक्षरं आहेत, आणि एसटीचं एक तिकीट.

म्हणून माझा स्वतःचा नियम असा झालाय. जे एकदाच वाचायचं, जे इंग्रजी आहे, जे प्रवासात लागतं आणि जे आवडेल की नाही याची खात्री नाही, ते रीडरवर. वाचून संपल्यावर कुणाचा तरी चेहरा डोळ्यासमोर आला की त्याची कागदी प्रत घ्यायची. कविता कागदावरच, अक्षर मोठं केलं की ओळ भलत्या जागी मोडते आणि कवीने सोडलेली जागा कुठली, यंत्राने सोडलेली कुठली ते कळत नाही. लहान मुलांची चित्रांची पुस्तकंही कागदावरच. दिवाळी अंकांबद्दल वादच नको. व्यंगचित्रं, जाहिराती आणि शेजाऱ्यांशी अदलाबदल काढून टाकली तर त्यात उरतं काय?

काकांना मी एकच काम दिलं. वर्षभरात वाचलेली शेवटची दहा पुस्तकं कागदावर लिहा, त्यातली किती मजकूर-स्वरूपात ई-बुक म्हणून मिळतात ते शोधा, आणि प्रत्येकाचं फुकट नमुना-प्रकरण फोनवर उघडून जोडाक्षरं बघा. सहा-सात निघाली तर डोळे झाकून घ्या. तीनच्या खाली असतील तर त्या पैशात भिंतीला नवी फळी ठोका, टेकू देऊन.

त्यांची चार निघाली, त्यातली तीन इंग्रजी. ते अजून ठरवतायत. तोवर माझा रीडर, साखरेच्या डब्यासकट, त्यांच्याकडे आहे. आणि त्यांचा एक खोका माझ्या माळ्यावर.