डिरएन्व्ह: ‘माझ्याकडे तर चालतंय’वरचा उतारा

गेल्या पावसाळ्यात ऑफिसने मला नवा मॅकबुक दिला आणि दुसऱ्याच दिवशी मी सगळ्या टीमचा बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायची पायरी) पाडला. जुन्या इंटेल मॅकवर होमब्रू (सॉफ्टवेअर टाकायचं टूल) आपला पसारा /यूएसआर/लोकल मध्ये मांडायचं, एम चिपवाल्या मॅकवर तेच /ऑप्ट/होमब्रू मध्ये मांडतं. जावा सापडेना, म्हणून मी प्रोजेक्टच्या ग्रेडल प्रॉपर्टीज फाइलमध्ये (ग्रेडल हे बिल्डचं टूल, ही त्याच्या सेटिंगची फाइल) माझा पाथ लिहिला, आणि ऐरोलीहून ठाणे लोकल पकडायच्या घाईत तीही कमिट होऊन सगळ्यांच्या कोडमध्ये गेली. दिघा गाव यायच्या आत जेनकिन्सचा, म्हणजे आपोआप बिल्ड करून बघणाऱ्या सर्व्हरचा, लाल मेल. बाकी बहुतेकांकडे उबुंटू, तिथे जावा /यूएसआर/लिब/जेव्हीएम मध्ये. माझं /ऑप्ट/होमब्रू त्यांच्या काय कामाचं!

त्याआधी आमचा जुगाड होता गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या) ‘स्किप-वर्कट्री’चा. म्हणजे फाइल आपल्यापुरती बदलायची आणि गिटला सांगायचं, इकडे बघू नकोस. महिनाभर छान चालतं. मग कोणीतरी तीच फाइल खरंच बदलतं, पुल (इतरांचे बदल आपल्याकडे ओढणं) अडतो, आणि आपण ती खूण केव्हा केली होती हे आपल्यालाच आठवत नाही. अर्धा दिवस जातो.

म्हणून डिरएन्व्ह, फोल्डरनुसार सेटिंग बदलणारं टूल. फुकट आहे, गो भाषेत लिहिलेलं एकच छोटं बायनरी आहे. टाकायचं आणि झेडएसएच या शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आरसी, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमध्ये हुकची, म्हणजे डिरएन्व्हला शेलशी जोडणारी, एक ओळ घालायची. मग ज्या फोल्डरमध्ये ‘.एन्व्हआरसी’ असेल तिथे सीडी कमांडने शिरलं की त्यातले व्हेरिएबल (प्रोग्राम वाचतात त्या नावानिशी सेटिंग) चढतात, बाहेर पडलं की उतरतात. दोन प्रोजेक्टना दोन वेगळे जावा असतील तर याची किंमत कळते.

आमची मांडणी अशी: मुख्य ‘.एन्व्हआरसी’ रेपोत (टीमच्या कोडच्या फोल्डरमध्ये), त्यात सगळ्यांचं सामाईक. शेवटी एक ओळ, ‘सोर्स_एन्व्ह_इफ_एक्झिस्ट्स .एन्व्हआरसी.प्रायव्हेट’. म्हणजे ही प्रायव्हेट फाइल असेल तर तीही आत ओढायची. ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिट तिच्याकडे बघत नाही. माझा जावा होम (जावा कुठे आहे ते सांगणारा व्हेरिएबल) त्यात, तुझा तुझ्यात. ग्रेडल प्रॉपर्टीजमधली ती ओळ काढली ती काढलीच.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे टूल हट्टी आहे. नव्या रेपोत शिरलात की लाल अक्षरांत सांगतं, फाइल ब्लॉक आहे, ‘डिरएन्व्ह अलाउ’ म्हणा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी पुन्हा विचारतं. टीममध्ये नवीन आलेली मुलगी पहिल्याच दिवशी घाबरून म्हणाली, “ताई, माझ्याकडे काहीतरी लाल लाल येतंय.” तिला म्हटलं, आधी फाइल उघडून वाच, मग अलाउ कर. दुसऱ्याचा शेल कोड आपल्या मशीनवर आपोआप चालू नये, एवढ्यासाठीच ती कटकट आहे. फक्त एक लक्षात ठेवा: ही विचारपूस मुख्य फाइलपुरतीच, तिने आत ओढलेल्या प्रायव्हेट फाइलसाठी वेगळी परवानगी मागत नाही.

आता तक्रारी. हुक शेलमध्ये बसतो, त्यामुळे डॉकमधून आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या एडिटरला यातलं काहीच कळत नाही. टर्मिनलमध्ये टेस्ट पास, एडिटरमध्ये फेल. कोपरीतल्या घरी रात्री अकरा वाजता मी यावर डोकं आपटलंय. व्हीएस कोड आता टर्मिनलमधूनच ‘कोड .’ करून उघडते. एक्स्टेन्शनही मिळतं, पण मला ही सवय बरी वाटते. दुसरं, ‘.एन्व्हआरसी’मध्ये एलियस (कमांडची टोपणनावं) लिहिले तर ते बाहेर येत नाहीत, कारण फाइल वेगळ्या बॅश शेलमध्ये चालते आणि फक्त व्हेरिएबल परत मिळतात. हे कळायला मला एक अख्खी दुपार लागली.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो मुख्यतः विंडोजसाठी. पॉवरशेलचा (विंडोजच्या शेलचा) हुक आहे, पण फाइल चालवायला बॅश लागतोच. आमच्या टीममधले एकटे विंडोजवाले दादा अजून सगळे व्हेरिएबल हाताने सेट करतात. त्यांच्यासाठी रीडमीत वेगळा परिच्छेद आहे. तो मीच लिहिते आणि तो कायम एक व्हर्जन मागे असतो.