ॲड्रेनलची गाठ: सीटी की एमआरआय, रक्त की लघवी?

मुतखडा आहे का बघायला सीटी काढला आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ आली: डाव्या ॲड्रेनलमध्ये, म्हणजे मूत्रपिंडावर बसलेल्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीत, २ सेंटिमीटरची गाठ. अशा ध्यानीमनी नसताना सापडलेल्या गाठी दुर्मीळ नाहीत. पोटाचा सीटी काढलेल्या शंभरातल्या साधारण चौघांत त्या दिसतात, उतारवयात आणखी जास्त. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण ‘बहुतेक’ या शब्दावर कुणाला झोप लागत नाही. मग पुढच्या तपासण्या कोणत्या, हा घोळ सुरू होतो.

प्रश्न खरं तर दोनच आहेत. गाठ कर्करोगाची आहे का? आणि ती गुपचूप जास्तीचे हार्मोन सोडते आहे का? पहिल्याचं उत्तर स्कॅनमध्ये शोधायचं, दुसऱ्याचं रक्त-लघवीत. स्कॅन चांगला आला म्हणून हार्मोनची तपासणी सोडून देणं ही सर्रास होणारी चूक आहे.

स्कॅनमध्ये माझं मत सरळ साध्या सीटीला, म्हणजे डायचं इंजेक्शन न देता काढलेल्या सीटीला. सगळे आधी गाठीचा आकार विचारतात, पण त्याच्याइतकीच बोलकी असते तिची घनता. ती हाउन्सफील्ड एककात मोजतात: पाणी ०, चरबी साधारण उणे १००. ॲडेनोमा या निरुपद्रवी प्रकारच्या गाठीत बहुधा चरबी भरपूर असते, म्हणून आकडा खाली येतो. गाठ एकसारखी दिसते आणि आकडा १० किंवा त्याखाली आहे, तर ती कर्करोगाची नाही असं धरतात. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मग आकार कितीही असो, पुन्हा स्कॅन लागत नाही. पहिला सीटी डाय देऊन झाला असेल तर हा आकडा वाचता येत नाही आणि साधा सीटी वेगळा काढावा लागतो.

एमआरआयही शोधतो चरबीच, फक्त वेगळ्या युक्तीने: दोन प्रकारच्या प्रतिमा घेऊन एकीत गाठ काळवंडते का ते बघतात. क्ष-किरण नसल्यामुळे गर्भवती आणि लहान मुलांसाठी तोच योग्य. बाकीच्यांचा सीटीचा आकडा १० च्या आत असेल, तर एमआरआय नवीन काही सांगत नाही. आकडा ३० च्या वर असेल तर गाठीत चरबीच इतकी कमी की त्यालाही फारसं हाती लागत नाही. उपयोग झालाच तर मधल्या पट्ट्यात.

त्याच पट्ट्यासाठी डाय देऊन १५ मिनिटांनी गाठीतली डाय किती धुऊन निघते हेही मोजतात. या तपासणीवर मी फार भिस्त ठेवणार नाही. फिओक्रोमोसायटोमा (ॲड्रेनलिनसारखे हार्मोन सोडणारी, रक्तदाब चढवणारी गाठ) कधी कधी तिथे निरुपद्रवी गाठीचं सोंग घेतो. आकडा ११ ते २० आणि गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर लगेच आणखी एक स्कॅन, नाहीतर १२ महिन्यांनी फेरतपासणी. गाठ ४ सेंटिमीटर किंवा मोठी आणि आकडा २० च्या वर, तर बोलणं शस्त्रक्रियेवर जातं. पेट स्कॅनचा विचार मुख्यतः आधी कर्करोग होऊन गेलेल्यांसाठी.

आता हार्मोन. रात्री ११ ते १२ दरम्यान डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅम गोळी, सकाळी ८-९ ला रक्तातलं कॉर्टिसोल (गोळीने खाली यायला हवं असं ॲड्रेनलचं हार्मोन), ही तपासणी जवळजवळ प्रत्येकाला. कॉर्टिसोल डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅम किंवा कमी, तर त्याची काळजी मिटली. गोम अशी की फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल (पक्षाघातानंतर झटके आलेल्यांना ती दिली जातात) तर डेक्सामेथासोन शरीरात लवकर संपतं आणि अहवाल उगाच वाईट दिसतो. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही कॉर्टिसोल फुगलेलं दिसतं. चालू औषधांची यादी आधी दाखवा. मनानेच गोळी बंद करू नका, झटक्यांची तर नाहीच.

घनता १० च्या वर असेल तर मेटानेफ्रिन, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा पकडणारी तपासणी, हवीच. ती रक्तात करायची की २४ तासांच्या लघवीत? दोन्ही मान्य आहेत. रक्त देण्याआधी २०-३० मिनिटं पडून राहावं लागतं. बसल्या बसल्या सुई टोचली तर आकडा खोटा वाढतो. लघवीत गोची अशी की दिवसभरात एकदा जरी बाटलीबाहेर गेली तरी हिशेब चुकतो. प्रयोगशाळा नीट झोपवून रक्त घेत असेल तर रक्त. नसेल तर घाईघाईत बसवून घेतलेल्या रक्तापेक्षा लघवी बरी. नैराश्यावरच्या काही गोळ्या दोन्हींत गोंधळ घालतात.

अल्डोस्टेरॉन-रेनिन, म्हणजे रक्तदाब आणि क्षार सांभाळणाऱ्या हार्मोनची तपासणी, सगळ्यांना लागत नाही. रक्तदाब जास्त किंवा पोटॅशियम विनाकारण कमी असेल तरच. आणि कुणी सुई घालून तुकडा काढू म्हणालं, तर मेटानेफ्रिनचा अहवाल आला का, हे आधी विचारा. फिओक्रोमोसायटोमाला सुई लागली तर रक्तदाब एकाएकी जिवावर बेतेल इतका चढू शकतो.