धुरा मोडायचा, साफ ठेवायचा की राखायचा?

धुरा म्हणजे शेताच्या हद्दीवरचा बांध. पेरणीपूर्वी ट्रॅक्टर शेतात उतरला की ड्रायव्हर हमखास विचारतो, "धुऱ्यापर्यंत घेऊ का?" नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडची संत्राबाग असो की हिंगणा-उमरेडकडचं कापूस-तुरीचं वावर, उत्तर त्या क्षणी घाईत दिलं जातं. ते निवांतपणी ठरवावं, म्हणून हे लिहितो आहे. वाटा तीन आहेत. धुरा नांगरून पिकात घ्यायचा, तणनाशक मारून किंवा पेटवून स्वच्छ ठेवायचा, नाहीतर गवत-झुडपांसह राखायचा.

मोडण्याचा मोह जमिनीच्या हिशोबातून येतो, तर तो हिशोब करूनच पाहू. एकर चौकोनी असेल आणि आपल्या बाजूने चहूकडून ३ फूट पट्टा सोडला, तर ४० गुंठ्यांतले सव्वादोन गुंठे जातात. ५ एकरांच्या चौकोनी शेतात मात्र २०० गुंठ्यांतले जेमतेम ५. म्हणजे वावर जितकं लहान आणि चिंचोळं, तितका धुरा महाग पडतो. पण हा पट्टा मोडला तरी तो पूर्ण पीक देत नाही. ट्रॅक्टर वळतो तिथेच, निंब-बाभळीच्या सावलीतली पऱ्हाटी (कपाशी) खुरटते तीही तिथेच. शिवाय फवारणीचा पंप पाठीवर घेऊन माणूस चालतो धुऱ्यावरूनच, कापूस वेचणाऱ्या बायांची वाटही तीच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार तहसीलदार शेताच्या हद्दीवरून रस्ता देऊ शकतात. कोणाला वाट मंजूर झाली तर ती याच पट्ट्यातून जाणार. उताराच्या काळ्या जमिनीत आषाढातलं पाणी माती घेऊन निघतं, तेव्हा धुऱ्यावरच्या गवताची मुळंच ती अडवतात. आणि हद्दीचा दगड एकदा हलला की भावाभावांत मोजणी बोलवावी लागते. मोडण्याच्या बाजूने माझ्याकडे फारसं बोलण्यासारखं नाही.

स्वच्छ ठेवण्याची बाजू मात्र गंभीरपणे ऐकावी, विशेषतः संत्र्यासाठी. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) फळं रंगावर येऊ लागली की भाद्रपद-आश्विनात रात्री पतंग येतात. सोंड खुपसून रस शोषतात, छिद्रापाशी फळ सडतं आणि दोन-चार दिवसांत गळतं. या पतंगाची अळी संत्र्याला तोंडही लावत नाही. ती वाढते गुळवेल, वासनवेल, चांदवेल यांच्या पानांवर, आणि या वेली असतात धुऱ्यावर नाहीतर नाल्याकाठी. निंबावरची गुळवेल आपण औषधाची म्हणून जपतो, काढताना हात अडतो, हे मला ठाऊक आहे. तरी बागेच्या धुऱ्यावर ती नको. बुंध्याशी कापून भागत नाही. वर लटकलेला वेल हवेतूनच मुळं खाली सोडतो आणि पुन्हा जमीन धरतो. ओढून पूर्ण उतरवावा लागतो. पतंग लांबून उडत येतो, म्हणून शेजाऱ्याशीही बोलावं लागतं. गळलेली फळं गोळा करून पुरणं आणि संध्याकाळी बागेत धूर करणं चालू ठेवावंच.

कापसाच्या धुऱ्यावर दोषी वेगळे आहेत. गाजर गवत आणि पेटारी यांच्यावर पिठ्या ढेकूण ही कीड पोसली जाते आणि तिथून काठाच्या ओळींत उतरते. ही दोन्ही फुलण्याआधी, ओल असताना उपटली की काम होतं.

मग नेमकं एवढंच काढायचं तर सगळा धुरा का जाळायचा? वैशाखात पेटवलेला धुरा मालकाचं ऐकत नाही. एका वर्षी लगतच्या वावरातली आग वाऱ्याने आमच्याकडे आली. ठिबकच्या नळ्या वितळल्या, कडेची चार झाडं होरपळली. शेजाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ती झाडं परत आली नाहीत. तणनाशकाचंही तसंच. टू-फोर-डीचा वाऱ्यावर आलेला फवारासुद्धा कपाशीला पुरतो: पानं आकसून भेंडीच्या पानांसारखी होतात.

राखलेल्या धुऱ्याचं देणं हळू दिसतं. तूर फुलावर आली की मधमाश्या आणि एकट्या राहणाऱ्या रानमाश्या फुलांवर येतात, आणि या रानमाश्यांतल्या कित्येक जाती न नांगरलेल्या जमिनीत बीळ करून राहतात. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी शेतात पक्षीथांबे उभारायला सांगतात. धुऱ्यावरची बोर-बाभूळ म्हणजे तयार पक्षीथांबा, कोतवाल पक्षी तिथून किड्यांवर दिवसभर झेप घेतो. पहिल्या पावसात तरोट्याची भाजी, पोळ्याला पळसाचे मेढे, बैलाला गवत, हे वेगळंच. तोटाही सांगतो. भराटी (काटेरी झुडपं) दाट झाली की रानडुक्कर दिवसा तिथेच दडतं. म्हणून खालून कमरेएवढं छाटून आरपार दिसेल इतकं मोकळं ठेवावं. तारेत थेट वीज सोडण्याचा विचारही करू नये. त्यात डुकराआधी आपला माणूस जातो. सागवान, मोह, आंबा, चिंच असेल तर कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी घ्या, १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात ती झाडं आहेत.

तुमचं वावर दोन एकरांच्या आत आणि चिंचोळं असेल, तर धुरा दीड-दोन फुटांचा ठेवा, पण ठेवा. कापूस-तूर असेल तर ३ फूट राखा आणि गाजर गवतापुरतं निंदण करा. संत्रा असेल तर झाडं आणि गवत राहू द्या, वेली तेवढ्या आषाढात एकदा आणि फळं रंगण्यापूर्वी पुन्हा एकदा हाताने उतरवा. आमच्याकडे दोन माणसांचं एका दिवसाचं काम असतं ते, आणि ड्रायव्हरला मी ३ फूट अलीकडूनच वळायला सांगतो.