फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य आणि जपानचं राज्य: तुलना करताना काय कशाशी ताडायचं

फिलिपिन्सच्या लोकांना अमेरिकी राज्य बरं होतं की जपानी, यावर मत बनवायला निघालेला माणूस बहुधा दोनपैकी एका उत्तरावर येऊन थांबतो. एक, अमेरिकेने शाळा दिल्या आणि जपानने कत्तली केल्या. दुसरं, दोघेही साम्राज्यवादी. उडदामाजी काळे गोरे काय निवडायचे? दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणी घसरतात. अमेरिकेचा काळ १८९८ ते १९४६, म्हणजे ४८ वर्षं. जपानचा जानेवारी १९४२ ते १९४५, जेमतेम साडेतीन. ४८ वर्षांचा एकत्रित हिशेब साडेतीन वर्षांसमोर ठेवला की अमेरिकेच्या पहिल्या तीन-चार वर्षांतलं रक्त शाळांच्या आकड्यांखाली झाकलं जातं. म्हणून आधी जिंकण्याचा काळ जिंकण्याच्या काळाशी ताडा, कारभार कारभाराशी, आणि मग गेल्यानंतर कोणी काय फेडलं ते पाहा.

जिंकताना

अमेरिकेने बेटं स्पेनकडून घेतली, हे वाक्य अर्धं खरं आहे. १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहात अमेरिकेने २ कोटी डॉलर मोजले खरे, पण त्याआधीच, १२ जूनला, स्पेनविरुद्धच्या क्रांतीचे नेते एमिलिओ आगिनाल्दो यांनी कावित गावी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. जानेवारी १८९९ मध्ये मालोलोसला राज्यघटनेसह प्रजासत्ताक उभं राहिलं. ४ फेब्रुवारीला जे युद्ध पेटलं ते या प्रजासत्ताकाशी. त्यात सुमारे ४,२०० अमेरिकी सैनिक, २० हजार फिलिपिनो लढवय्ये आणि हिंसा, उपासमार व रोगराईने २ लाखांपर्यंत सामान्य माणसं गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

पद्धती नीट पाहा, कारण तुलनेचा कणा तिथेच आहे. ‘वॉटर क्युअर’ म्हणजे पकडलेल्या माणसाला उताणं पाडायचं, जबडा उघडा ठेवून पाणी ओतत राहायचं, पोट तट्ट फुगलं की त्यावर दाब देऊन ते बाहेर काढायचं, आणि माहिती मिळेपर्यंत पुन्हा तेच. बातांगास प्रांतात जनरल बेल यांनी गावकऱ्यांना ठरावीक हद्दीत कोंडलं. हद्दीबाहेर उरलेलं धान्य, गुरं, घरं नष्ट करण्याजोगी ठरली. सामार बेटावर सप्टेंबर १९०१ मध्ये बालांगिगा गावाने अमेरिकी तुकडीवर हल्ला करून ४८ सैनिक मारले. त्यावर जनरल जेकब स्मिथ यांनी हत्यार उचलू शकेल अशा प्रत्येकाला मारण्याचा हुकूम दिला आणि वयाची मर्यादा सांगितली १० वर्षं. लष्करी न्यायालयाने त्यांना दोषी धरलं. शिक्षा झाली ती ताकीद आणि सक्तीची निवृत्ती.

जुलै १९०२ मध्ये अमेरिकेने युद्ध संपल्याचं जाहीर केलं. दक्षिणेकडच्या बेटांवरच्या मोरो मुसलमानांसाठी ते संपलं नव्हतं. मार्च १९०६ मध्ये होलो बेटावरच्या बुद दाहो या विझलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यात बायका-मुलांसह शेकडो मोरो मारले गेले.

आता जपान. ९ एप्रिल १९४२ ला मनिलाजवळचं बाताआन द्वीपकल्प पडलं आणि सुमारे ७५ हजार युद्धकैदी हाती लागले. त्यातले बहुसंख्य फिलिपिनो होते, हे इंग्रजी पुस्तकं वाचताना सहज निसटतं. मारिव्हेलेसपासून सान फर्नांदोपर्यंत शंभरेक किलोमीटर भर उन्हात, अन्नपाण्यावाचून चालवलं. मागे पडला त्याला संगीन. पुढे बंद मालडब्यांत कोंबून कापासला आणि तिथून ओ’डॉनेल छावणीत. छावणीत तर वाटेतल्यापेक्षा जास्त माणसं मेली, म्हणून नुसत्या त्या चालीचे आकडे घेतले तर हिशेब अपुरा राहतो. मनिलात केम्पेताई, म्हणजे जपानी लष्करी पोलीस, फोर्ट सांतियागोच्या कोठड्यांत माहिती काढायला बसले. त्यांच्या छळाच्या साधनांत पाणीही होतं. चाळीस वर्षांनी तेच साधन परत आलं होतं.

फरक कुठे? १९०२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सैनिकांनी स्वतः साक्षी दिल्या आणि वर्तमानपत्रांनी त्या छापल्या. शिक्षा लाजिरवाण्या होत्या, पण विरोधाला जागा होती. जपानी अमलाखाली तशी कुठलीच जागा नव्हती. हा फरक खरा आहे. बातांगासच्या मेलेल्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही, हेही खरंच.

फेब्रुवारी १९४५ ची मनिलाची लढाई मांडताना फार जपावं लागतं. महिनाभरात सुमारे १ लाख नागरिक मेले. जपानी नौदलाच्या सैनिकांनी एर्मिता आणि इंत्रामुरोसमध्ये ठरवून माणसं कापली, जाळली, बायकांवर अत्याचार केले. पण आपले शिपाई वाचावेत म्हणून अमेरिकी तोफखान्याने त्याच वस्त्या भाजून काढल्या, आणि त्यातही हजारो नागरिक गेले. सगळा आकडा एकाच्या खात्यावर टाकू नका.

कारभार करताना

इथे अमेरिकेच्या बाजूला सामग्री पुष्कळ आहे. १९०१ च्या कायद्याने सरकारी शाळा सुरू झाल्या, इंग्रजी हे माध्यम ठरलं, आणि ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ जहाजातून सुमारे ५०० अमेरिकी शिक्षक मनिलाला उतरले. १९०७ मध्ये निवडून आलेली विधानसभा, स्वातंत्र्याचं आश्वासन देणारा १९१६ चा जोन्स कायदा, १९३५ मध्ये मान्वेल केसोन यांच्या अध्यक्षतेखाली स्वायत्त कॉमनवेल्थ, १९३७ मध्ये स्त्रियांना मताधिकार. आशियातल्या इतर वसाहतींच्या तुलनेत ही चाल वेगवान होती.

याच कपाटाचा दुसरा खण उघडायला विसरू नका. विधानसभा भरली त्याच १९०७ मध्ये क्रांतीचा झेंडा फडकवणं गुन्हा ठरलं आणि ती बंदी १९१९ पर्यंत टिकली. लढत राहिलेल्या माकारिओ साकाय यांना दरोडेखोर ठरवून त्याच वर्षी फाशी दिली. आणि ज्या शाळांनी पिढी शिकवली त्याच शाळांनी १८९९ चं युद्ध ‘बंड’ म्हणून शिकवलं. अमेरिकी हिंसेची आठवण फिकी का आणि जपानी हिंसेची ताजी का, याचं एक मोठं कारण इथे सापडतं. आठवणीच्या तीव्रतेवरून गुन्ह्याचं माप काढू नये.

जपानने शाळा उघड्या ठेवल्या, पण क्रमिक पुस्तकांतले अमेरिकेचे उल्लेख कागद चिकटवून झाकायला लावले. इंग्रजी मागे सारून तागालोग आणि जपानी पुढे आणली. तागालोगला मिळालेलं बळ ही जपानच्या खात्यावरची प्रामाणिक जमा आहे. पण रस्त्यावर त्याच वेळी प्रत्येक चौकीवरच्या शिपायापुढे कमरेतून वाकावं लागे, आणि वाकणं चुकलं की गालावर थप्पड बसे. ‘आशिया आशियाईंचा’ या घोषणेचं सामान्य फिलिपिनो माणसापुरतं मोल त्या थपडेनेच ठरलं.

१४ ऑक्टोबर १९४३ ला जपानने होसे लॉरेल यांच्या अध्यक्षतेखाली प्रजासत्ताक जाहीर केलं. कालिबापी ही एकच राजकीय संघटना, आणि जपानी फौजा जिथल्या तिथे. लॉरेल यांना नुसतं बाहुलं म्हणणं मात्र घाईचं होईल. सप्टेंबर १९४४ मध्ये दबावाखाली त्यांनी अमेरिका-ब्रिटनशी युद्धस्थिती जाहीर केली, पण सक्तीची लष्करभरती होऊ दिली नाही. म्हणून तर जपानला माकापिली ही वेगळी सशस्त्र संघटना उभी करावी लागली.

ब्रह्मदेशात किंवा इंडोनेशियात जपानच्या स्वातंत्र्याच्या आश्वासनाला जे वजन आलं ते फिलिपिन्समध्ये का आलं नाही? कारण १९३४ च्या टायडिंग्ज-मॅकडफी कायद्याने दहा वर्षांच्या संक्रमणानंतर स्वातंत्र्य आधीच लिहून दिलं होतं. जपान देऊ करत होता ते हातात जवळजवळ आलेलंच होतं. शिवाय लुझोन या मुख्य बेटावरच्या शेतकऱ्यांचं जपानविरोधी सैन्य हुकबालाहाप धरून गनिमी तुकड्या जागोजागी उभ्या राहिल्या.

अर्थकारणात मात्र दोन राजवटी वेगळ्या मोजता येत नाहीत. १९०९ नंतरच्या मुक्त व्यापाराने साखर आणि खोबरं अमेरिकी बाजाराला बांधलं गेलं. बडे मळेवाले गब्बर झाले, कुळं तिथेच राहिली. १९४२ मध्ये तो बाजार एका फटक्यात तुटला. जपानला साखर नको होती, कापूस हवा होता. उसाच्या जमिनीत कापूस लावायला लावला आणि तो प्रयोग फसला. तांदूळ फौजेने उचलला, बाहेरून आणायला जहाजं उरली नाहीत. लष्कराने छापलेल्या नोटांना लोक ‘मिकी माऊसचे पैसे’ म्हणत. शेवटी बाजाराला जाताना पिशवीभर नोटा न्यायच्या आणि सामान खिशात घालून परतायचं, अशी गत झाली. उपासमार जपानी अमलातली, पण एकाच गिऱ्हाइकावर टेकलेली शेती अमेरिकेने घडवलेली.

आपल्या वाचकासाठी एक सावधगिरी

मराठी वाचकाच्या मनात त्या काळचा जपान आझाद हिंद सेनेमार्फत येतो. नोव्हेंबर १९४३ च्या टोकियो परिषदेत लॉरेल होते आणि निरीक्षक म्हणून सुभाषबाबूही. जपानी युद्धनेत्यांवरच्या टोकियो खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं, याचा आपल्याकडे अभिमानाने उल्लेख होतो. त्याच पीठावर फिलिपिन्सचे देल्फिन हारानिया बसले होते. ते बाताआनच्या त्या चालीतून वाचलेले. त्यांच्या मते दिलेल्या शिक्षा सौम्य होत्या. पाल वाचाल तर हारानियाही वाचा. एकट्या पालांवर मत बनवलं तर फिलिपिनो माणूस त्यातून गळतो.

गेल्यानंतर

अमेरिकेने ४ जुलै १९४६ ला स्वातंत्र्य दिलं, पण त्याच वर्षीच्या बेल व्यापार कायद्याने पेसो डॉलरला जखडला आणि अमेरिकी नागरिकांना खाणी-जमिनींत फिलिपिनोंच्या बरोबरीचे हक्क घेतले. १९४७ मध्ये लष्करी तळ ९९ वर्षांच्या कराराने. अमेरिकी झेंड्याखाली लढलेल्या बहुतेक फिलिपिनो सैनिकांचे लाभ १९४६ च्या कायद्याने काढून घेतले; २००९ मध्ये हयात असलेल्यांना एकरकमी पैसे मंजूर झाले, अमेरिकी नागरिकाला १५ हजार डॉलर, इतरांना ९ हजार.

जपानने १९५६ च्या कराराने ५५ कोटी डॉलरची भरपाई मान्य केली. सैन्याच्या लैंगिक गुलामीत ढकललेल्या बायकांचा प्रश्न त्यात नव्हता. १९९२ मध्ये मारिया रोसा हेन्सन उघडपणे बोलल्या, तेव्हा कुठे त्याला तोंड फुटलं. या बायकांच्या स्मरणार्थ मनिलात रोहास बुलेव्हार्डवर उभारलेला पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हटवला गेला. बालांगिगाच्या चर्चमधून अमेरिकी सैन्याने उचलून नेलेल्या तीन घंटा त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, गावात परत आल्या.