जुन्या पोकलेनचे एरर कोड: स्कॅनर घ्यावा की मल्टिमीटरवर भागवावं?

जुनी वीस टनी पोकलेन घ्यायला निघालेले ओळखीचे लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा लॅपटॉप-स्कॅनर सोबत घ्यावा, की चांगला मल्टिमीटर आणि त्या गाडीचा वायरिंग डायग्राम पुरेल? मी आधी स्कॅनर घेतला, मल्टिमीटर नंतर. दोन्ही आजही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही वापरतो. कंपनीचा इंजिनिअर बोलावणं हा तिसरा मार्ग आहेच, पण तो वॉरंटीतल्या गाडीला शोभतो. नऊ-दहा हजार तास झालेल्या गाडीला दर वेळी तो बोलावणं परवडत नाही.

स्कॅनरचं श्रेय आधी देतो. सिन्नरकडे शेततळ्याच्या कामावर माझी एक गाडी लोड आला की दबायची आणि मॉनिटरवर कोड मात्र एकही नसायचा. स्कॅनर जोडून बकेट भरताना पाहिलं, तर ईसीएम (इंजिनचा कंट्रोलर) मागतंय ते रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीतला दाब, आणि प्रत्यक्ष मिळतंय ते, यांतलं अंतर वाढत चाललेलं शेजारी-शेजारी दिसलं. डिझेल टाकीकडून येणारा रबरी पाइप आतून सुजला होता. हे मल्टिमीटरवर इतक्या लवकर कळलं नसतं. एकेक इंजेक्टर बंद करून कुठला सिलिंडर कमजोर आहे ते बघणं, नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचा कोड ईसीएममध्ये भरणं, ही कामंही स्कॅनरचीच. इंजिनचं मोठं काम तुम्ही स्वतःच्या आवारात करत असाल तर त्याला पर्याय नाही.

पण रोजच्या अडचणी इंजिनच्या पोटातल्या कमी आणि वायरिंगच्या जास्त असतात, निदान माझ्या गाड्यांत तरी. पेठ, इगतपुरी, त्र्यंबकच्या बाजूला पावसात सॉकेटमध्ये पाणी शिरतं आणि पिनांवर हिरवा थर चढतो. येवला-सिन्नरकडे धूळ आणि ऊन, वायरीचं कव्हर कडक होऊन तडकतं. गाडी महिनाभर उभी राहिली की उंदीर आहेतच.

माझा कल ठरला तो पेठ तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर. जूनचा दुसरा आठवडा होता, पाऊस तोंडावर आला होता आणि बांधाचं काम दोन दिवसांचं उरलं होतं. गाडीने एकदम पॉवर सोडली. मॉनिटरवर रेल प्रेशर सेन्सरचा कोड, एसपीएन १५७, एफएमआय ४. एसपीएन सांगतो कुठलं सर्किट, एफएमआय सांगतो बिघाड कुठल्या प्रकारचा. इथे सेन्सरच्या सर्किटवर व्होल्टेज हवं त्यापेक्षा कमी. मी लॅपटॉप उघडला, तर सॉफ्टवेअर म्हणतं की परवान्याची पडताळणी करायची आहे, इंटरनेट जोडा. त्या दरीत फोनला रेंज नाही. लॅपटॉप घेऊन टेकडी चढलो, रेंजची एक कांडी आली, पडताळणी अर्ध्यावर तुटली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तुटली. पावणेदोन तास गेले. परवान्याचे पैसे भरलेले होते, मुदत शिल्लक होती, तरी स्वतःचं यंत्र स्वतःला उघडता येईना. खाली आलो तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "शेठ, लॅपटॉप राहू द्या, आधी सॉकेट काढून बघू."

त्याने सेन्सरचं सॉकेट काढलं आणि चावी ऑन केली. कोड तोच राहिला. बऱ्याच गाड्यांत सेन्सर आतून शॉर्ट असेल तर सॉकेट काढल्यावर कोड एफएमआय ४ चा ३ होतो, म्हणजे व्होल्टेज वर जातं. इथे बदललाच नाही, म्हणजे संशय वायरीवर. सॉकेटवर मोजलं, ५ व्होल्टचा पुरवठा बरोबर, अर्थिंग बरोबर. मग बॅटरीचा कट-ऑफ ओढला, ईसीएमचा प्लग काढला आणि सिग्नलची वायर बॉडीशी तपासली. मीटर वाजला, म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला चिकटत होती. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत गेलो. एका ब्रॅकेटपाशी क्लिप गायब होती आणि वायर पत्र्यावर घासून तांबं उघडं पडलं होतं, नखाएवढंच. ते नीट बांधलं आणि गाडी अर्ध्या तासात कामाला लागली.

ती गाडी घेतली तेव्हा टूलबॉक्समध्ये त्याच रेल प्रेशरचे दोन जुने सेन्सर पडलेले मिळाले होते. दोन्ही बहुधा चांगले असावेत. आधीच्या मालकाने कोडमध्ये सेन्सरचं नाव वाचलं, सेन्सर बदलला, काही दिवसांनी कोड परत आला, पुन्हा बदलला. कोड सर्किटचं नाव सांगतो, भागाचं नाही. एफएमआय ३ आणि ४ व्होल्टेजचे, ५ बहुतेकदा तुटलेल्या वायरीचा. ० (मोजमाप फारच जास्त) किंवा १ (फारच कमी) आला तर मात्र सेन्सर खरं बोलत असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे गाडी लगेच थांबवा. ऑइल प्रेशरचा, एसपीएन १००, एफएमआय १ असेल तर मीटर शोधत बसू नका, इंजिन बंद करा. कोमात्सूत इंजिन कंट्रोलरचे कोड सीए अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे अर्थ त्या गाडीच्या पुस्तकातच बघावा लागतो.

एकदम चार-पाच सेन्सरचे कोड एकत्र आले तरी घाबरू नका. अनेक सेन्सर एकाच ५ व्होल्टच्या लाइनवर असतात, एक शॉर्ट झाला की सगळी लाइन खाली येते. एकेक सॉकेट काढत जा. ज्याने ५ व्होल्ट परत आले तो दोषी.

आणखी एक गोष्ट मल्टिमीटरकडे झुकवते. स्कॅनर जोडल्यावर "कम्युनिकेशन नाही" असं आलं की स्कॅनर तिथेच संपतो. नऊ पिनांचं गोल डायग्नोस्टिक सॉकेट असेल तर बॅटरी तोडून सी आणि डी पिनांमध्ये रोध मोजा. कॅन लाइनच्या, म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींच्या, दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात, म्हणून साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोध किंवा तिथवरची वायर गेली. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना भिडल्या आहेत.

गाडी बघायला जाताना स्कॅनर भाड्याने मिळाला तर जरूर न्या, जुन्या कोडची नोंद आणि तास बघायला. इतक्या तासांच्या गाडीत नोंद एकदम कोरी दिसली तर मी जरा सावध होतो, कारण कोड पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. त्याच कारणाने स्वतःच्या गाडीतही आधी मॉनिटरचा फोटो काढा, मग पुसा.

एकाच कंपनीच्या तीन-चार गाड्या असतील आणि आवारात फिटर असेल तर स्कॅनर वसूल होईल. एक-दोन गाड्या असतील तर माझ्या मते मल्टिमीटर आणि तुमच्याच सिरीयल नंबरच्या मालिकेचा डायग्राम आधी घ्या. स्कॅनर लाखांच्या घरात जातो, मीटर काही हजारांत येतो. प्रोबची टोकं सुईसारखी बारीक घ्या, सॉकेटच्या मागच्या बाजूने आत जातील अशी. वायरीचं कव्हर टोचून मोजू नका, पेठच्या पावसात त्याच भोकातून पाणी शिरतं.