शेतकऱ्याची गरिबी, मेंढपाळाची गरिबी

दोघेही पावसावर जगतात, पण बुडायची तऱ्हा वेगळी.

शेतकरी हळूहळू खचतो. पेरणीला कर्ज काढायचं, आणि पीक हाती येतं तेव्हा सगळ्यांचाच माल बाजारात, भाव पडलेला. सावकार दारात बसलेला, मग थांबणार कसं? काही महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने विकत आणायचं. वर वाटण्या: दहा एकर चार भावांत गेली की वाट्याला अडीच. तरी जमीन दुष्काळात मरत नाही, फार तर गहाण पडते.

मेंढपाळाची पुंजी मरते. चारा संपला की सगळेच जनावरं विकायला काढतात, आणि फासळ्या मोजता येतील अशा शेळीला कोण भाव देणार? नेमकं तेव्हाच धान्य महागतं. १९७२ ते ७४ च्या दुष्काळात इथिओपियातले पशुपालक याच कात्रीत सापडले, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं. सावरणंही जनावरावर अवलंबून. शेळी पाच महिन्यांत विते, गाईला नऊ लागतात आणि बहुधा एकच वासरू. गुरांचा कळप पुन्हा उभा राहायला वर्षं जातात.

माझ्या मते मेंढपाळाची बाजू जास्त लंगडी. शेताला निदान कागद असतो. कुरण सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही; कुणीतरी नांगर घालतं. बऱ्याचदा तो वाटणीत अडीच एकरांवर आलेला शेतकरीच असतो.